ओल्या दिवसाचा नियम

नोलीन पर्डीला बुधवारच्या गटातून काढायचं, असं कुणीच म्हणालं नव्हतं. आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही. समितीच्या बैठकीत बेव्हन एवढंच म्हणाला, की शुक्रवारच्या गटात नोलीन जास्त रमेल. हे म्हणताना त्याने तिच्याकडे न बघता बिस्किटांच्या ताटलीकडे बघितलं, आणि बिस्किटांनी काही हरकत घेतली नाही.

आमच्या सायकल क्लबात बुधवारचा गट हॅमिल्टनहून निघतो, वायकाटो नदीच्या काठाकाठाने न्गारुआवाहियाला जातो, तिथे नायरीच्या कॅफेत बसतो आणि परत येतो. शुक्रवारचा गट तळ्याला फेरी मारतो आणि बसतो. बसण्यात शुक्रवारवाल्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांच्यात कुणाचा खुबा नवा, कुणाचा गुडघा नवा, आणि बोलणं सगळं डॉक्टरांचं. माणसं चांगली आहेत. पण नोलीन मला एकदा म्हणाली होती, "शुक्रवारात वाईट काही नाही रे कॉलिन. पण शुक्रवारच्या पुढचा जो गट आहे ना, तो सायकलवरून जात नाही. तो गाडीतून जातो, आणि आडवा जातो."

हे ती मला सांगते, कारण मी शेपूट. शेपूट म्हणजे पिवळं जाकीट घालून, पंप आणि मलमपट्टीची पिशवी खांद्यावर अडकवून सगळ्यांच्या शेवटी सायकल चालवणारा माणूस. कुणी मागे राहू नये, हे त्याचं काम. गटात नोलीन सगळ्यात मागे, आणि नोलीनच्या मागे मी. त्यामुळे तिची पाठ आणि तिची मतं, दोन्ही मला पाठ झालेली आहेत.

आमचा बुधवारचा गट कुणाला सोडून पुढे जात नाही. याचा आम्हाला फार अभिमान, कुणी नवखा आला की पहिल्यांदा हेच सांगतो. हॉरोटियूच्या पुलापाशी आम्ही थांबतो आणि मागच्यांची वाट बघतो. आता याचा जमाखर्च मांडून पाहा. पुढचे लोक पुलावर पोचतात, पाणी पितात, केळं खातात, कठड्याला टेकून पाय मोकळे करतात. मग नोलीन येते, तोंड लालबुंद, धापा टाकत. तिला पाहिल्याबरोबर सगळे म्हणतात, "आली बघा. चला." आणि टांग मारतात. म्हणजे ज्यांना विश्रांती नको त्यांच्या खात्यावर ती भरपूर जमा, आणि जिला हवी तिच्या नावावर फक्त उशीर.

बेव्हनचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. हिवाळ्यात पुलावर उभं राहिलं की पाय गार पडतात, आणि गार पाय पुन्हा तापवायला वेळ लागतो. बेव्हन हा आमचा सगळ्यात वेगवान गडी. बँकेतून निवृत्त झाला आणि त्याने कार्बनची सायकल घेतली. ती एका बोटावर उचलता येते, आणि तो ती उचलून दाखवतो. न सांगता दाखवतो.

तर त्या बैठकीत नोलीन म्हणाली, "मला शुक्रवार नको." आमच्याकडे एवढं स्पष्ट बोलणं म्हणजे जवळजवळ भांडण. सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. अध्यक्ष म्हणजे सेल्विन. याने हयातभर ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. हॅमिल्टनमध्ये त्याने नापास न केलेलं घर सापडायचं नाही. नियम करायचा म्हटलं की त्याला जेवण सुचत नाही. त्याने तिथल्या तिथे नियम केला: बुधवारी जाता-येता ज्या सभासदासाठी गटाला थांबावं लागेल, त्याने पुढे शुक्रवारी यावं. आणि तोंडी ठरलं, की नोलीनची कसोटी एकदाच घ्यायची. कुठल्या बुधवारी, ते तिने ठरवायचं. नियमात नोलीनचं नाव नव्हतं. नियमात नावं घालणं सेल्विनला असभ्य वाटतं. "सभासद" असाच शब्द होता. त्या वेळी तो शब्द कुणी फारसा मनावर घेतला नाही.

पुढचा बुधवार स्वच्छ निघाला. सकाळी नोलीनचा निरोप आला की आज दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. त्याच्या पुढच्या बुधवारी गवतावर दहिवर आणि वर निळंशार आकाश. पुन्हा दाताचा डॉक्टर.

"बिचारी," आमच्या गटातली रेविन म्हणाली. "दाढांनी नुसतं छळलंय."

मी हेल्मेटचा पट्टा आवळला. नोलीनची वरची आणि खालची, दोन्ही बाजूंची कवळी आहे. कॅफेत चिकट टॉफी समोर आली की ती कवळी काढून रुमालात ठेवते आणि मग टॉफीचा समाचार घेते. शेपटाला असल्या गोष्टी माहीत असतात.

तिसऱ्या बुधवारी सकाळी पाऊस होता. साधा नव्हे. जुलैचा, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळ्याचा, दक्षिणेकडून आलेला, आडवा आणि गारठवणारा पाऊस. पुकेटेच्या मैदानापाशी, जिथून आम्ही निघतो तिथे, मी पोचलो तर सेल्विन आधीच उभा. त्याच्या हेल्मेटच्या भोकांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

"जरासं ओलसर आहे," सेल्विन म्हणाला.

"हो, थोडं दमट," मी म्हणालो.

एरवी अशा दिवशी कोण येतं? पण आज बरेच आले. सेल्विन आला, कारण परीक्षक. रेविन आली, कारण बघण्यासारखं काही चुकवणं तिच्या रक्तात नाही. तिचा नवरा ट्रेव्हर आला, कारण दोघांची मिळून एकच जोडसायकल आहे: पुढे रेविन, मागे ट्रेव्हर. आणि निकाल स्वतःच्या डोळ्यांनी बघायला बेव्हन आला. एरवी पाऊस असला की बेव्हन घरी गॅरेजमध्ये, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर घाम गाळतो. पावसातला आमचा रिवाज त्याने कधी अनुभवलाच नव्हता.

शेवटी नोलीन आली. तिची ती हिरवी, पोलादी, गाईसारखी सायकल. पुढे-मागे चाकांना पूर्ण मडगार्ड, आणि मागच्या मडगार्डाला खाली जमिनीपर्यंत लोंबणारी पट्टी. ती तिने आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण कापून बसवली आहे.

"दाढ कशी आहे आता?" रेविनने विचारलं.

"आज दुखत नाही," नोलीन म्हणाली.

"मग निघायचं ना?" म्हणत बेव्हन नेहमीप्रमाणे पुढे जाऊन उभा राहिला.

नोलीन हातमोजे नीट करत होती. खाली बघतच म्हणाली, "सेल्विन, आज ओला दिवस धरायचा का रे?"

सेल्विनने आकाशाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी गेलं. "धरायला हरकत नाही."

"म्हणजे मग तुझा तो नियम आहे ना. ओल्या दिवसाचा."

सेल्विनचा चेहरा असा उजळला, की जणू कुणी त्याच्या नातवाची चौकशी केली. हा नियम त्याचाच. काही वर्षांपूर्वी वाटेवरून गाई नुकत्याच गेल्या होत्या, पाऊस होता, आणि रेविन एका बिनमडगार्डच्या सायकलीमागून बोलत चालली होती. रेविन बोलत असताना तिचं तोंड उघडं असतं, आणि ती नेहमी बोलत असते. पुढच्या सायकलीच्या चाकाने जे उडवायचं ते उडवलं. त्या दिवशी ती परत येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. ट्रेव्हर अजून त्या दिवसाची आठवण काढतो, पण हळू आवाजात.

"ओल्या दिवशी," सेल्विनने म्हणायला सुरुवात केली, "पूर्ण मडगार्डवाले पुढे, अर्धे मडगार्डवाले मधे, बिनमडगार्डवाले मागे. पूर्णांमध्ये पट्टीवाला पहिला. आपला वर्ग सोडून कुणीही पुढे जायचं नाही."

"एवढं काय त्यात," बेव्हन म्हणाला. "आज आपण पाचसहाच तर आहोत."

"माणसांचा आकडा नियमात नाही," सेल्विन म्हणाला आणि वाकून मडगार्डं तपासायला लागला. लायसन्सच्या परीक्षेला आलेली गाडी तपासावी तशी तपासणी. नोलीन: पूर्ण, पट्टीसह. पहिली. मी: पूर्ण, पण पट्टी गळून पडलेली. दुसरा. सेल्विनने स्वतःचीही सायकल तपासली, स्वतःला जरा बोल लावला आणि तिसरा नंबर घेतला.

"आमचं पुढचं पूर्ण आहे," रेविन म्हणाली.

"चिखल मागच्या चाकाचा उडतो, रेविन. मागचं अर्धं आहे."

"बघ ट्रेव्हर. तुझ्यामुळे."

"मी काय केलं?"

"मागे कोण बसतं?"

राहिला बेव्हन. "हिच्या सांगाड्याला मडगार्डासाठी भोकंच ठेवलेली नाहीत," तो म्हणाला. आमच्या घराण्यात कुणाला कसला आजार नाही, असं लोक ज्या सुरात सांगतात, त्या सुरात.

"मग शेवटी," सेल्विन म्हणाला.

आणि शेवटी जो, तो शेपूट. मी पिवळं जाकीट काढून बेव्हनच्या हातात दिलं. वर पिशवी दिली.

"हे मला कशाला?"

"शेवटच्याने घालायचं असतं, बाबा."

त्याने ते नाक वर करून घातलं. त्याला ते आखूड झालं. त्याच्या अंगावर ते बघून रेविनने तोंडावर हात धरला, पण बोटांमधून सगळं दिसत होतं.

निघालो. नोलीन पुढे, तिच्यामागे मी. माझ्या नाकासमोर तिची ती पट्टी, आणि पट्टीवर अजून आइस्क्रीमचं नाव शाबूत: हॉकी पॉकी. सगळी वाट मी तेवढंच वाचत होतो. पण तोंडावर एक थेंब चिखल आला नाही, हे मान्य केलं पाहिजे. शेजारून नदी गढूळ होऊन, ओंडके घेऊन चालली होती. बदकांचं एक कुटुंब प्रवाहात आमच्या बरोबरीने निघालं आणि थोड्याच वेळात पुढे निघून गेलं. नोलीनचा वेग तो नोलीनचा वेग. तिला घाई नव्हती. तिच्यासाठी कुणी थांबायचा प्रश्नच उरला नव्हता, कारण तिच्या पुढे कुणी नव्हतंच.

हे सगळ्यात आधी बेव्हनच्या लक्षात आलं.

आमच्यात मागचा निरोप पुढे पोचवायची रीत आहे. मागून गाडी आली, खड्डा आहे, कुणाची चेन पडली, की शेवटचा ओरडून सांगतो आणि एकेकजण पुढच्याला सांगत जातो. तसा बेव्हनने मागून निरोप सोडला. पुढे काय झालं, ते नंतर कॅफेत प्रत्येकाची साक्ष घेऊन मी जुळवलं.

बेव्हन ट्रेव्हरला म्हणाला, "पुढे सांग, जरा पाय हलवा म्हणावं. मी इथे गोठून मरतोय."

ट्रेव्हरला कुणाचं मन दुखवायला आवडत नाही. तो रेविनला म्हणाला, "बेव्हन म्हणतोय, बरीच थंडी आहे."

रेविन सेल्विनला म्हणाली, "बेव्हन विचारतोय, नोलीनला थंडी नाही ना वाजत."

सेल्विन मला म्हणाला, "बेव्हनला नोलीनची काळजी लागलीय."

मी नोलीनला म्हणालो, "बेव्हन म्हणतोय, जिवाला जप, सावकाश जा." यातलं शेवटचं थोडंसं माझ्या पदरचं होतं.

"किती गोड आहे," नोलीन म्हणाली. "त्याला सांग, ऐकते मी त्याचं." आणि तिने वेग आणखी कमी केला.

उत्तर उलट्या वाटेने मागे गेलं आणि बेव्हनपर्यंत पोचता पोचता त्याचं नुसतं "थँक्यू" उरलं.

"कशाबद्दल?" बेव्हनने विचारलं.

"ते नाही सांगितलं," ट्रेव्हर म्हणाला.

मग एके ठिकाणी वाट रुंद झाली, तेव्हा बेव्हनने गवतावरून पुढे काढायचा प्रयत्न केला. मागे वळूनही न बघता सेल्विन म्हणाला, "वर्ग, बेव्हन." हयातभर आरशात बघत परीक्षा घेतलेला माणूस. बेव्हन मागे गेला. जोडसायकलीच्या मागच्या चाकावर अर्धंच मडगार्ड आणि वर दोन माणसांचं वजन. ते चाक बेव्हनला जे काही पुरवत होतं, त्याचं वर्णन करत नाही.

हॉरोटियूच्या पुलावर नोलीन सगळ्यात आधी पोचली. उतरली, सायकल कठड्याला टेकवली, पाणी प्यायली, मग खिशातून केळं काढून सोलायला लागली. पुलावर मी तिला कधी काही खाताना पाहिलं नव्हतं. केळं ती न खाताच परत घरी न्यायची.

"हा पूल असा कमानीचा आहे होय," ती वर बघत म्हणाली.

"म्हणजे? इतकी वर्षं येतेस की."

"मी यायचे तेव्हा तुम्ही सगळे टांग मारत असायचात. मी तुमची चाकं बघायचे, पूल कशाला बघते." तिने केळ्याचा घास घेतला. "नदीपण बरीच मोठी आहे."

सेल्विन आला. जोडसायकल आली. आम्ही पावसात उभे राहिलो. वर कमान असली तरी तिला छप्पर नाही.

"शेपूट कुठाय?" रेविनने विचारलं.

"मगाशी होता," ट्रेव्हर म्हणाला. "मग नव्हता."

"मग सांगायचं नाहीस?"

"तूच म्हणालीस, मागून बोलत जाऊ नकोस."

आता आमच्या पद्धतीत एक फट आहे, ती मला फार पूर्वीपासून ठाऊक होती. शेपूट सगळ्यांकडे बघतं. शेपटाकडे कोण बघतं? मी शेपूट असताना कधी गायब झालो असतो, तर लोकांना ते कॅफेत कॉफी वाटताना कळलं असतं.

सेल्विनने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"पंक्चर," बेव्हनचा आवाज आला. "काटा गेलाय. ट्यूब बदलली, पण ती गॅसची नळी ओल्या हातात फुस्स झाली. हवा भरायला दुसरं काही नाही. मी चालत येतोय."

"पंप?"

"माझ्याकडे पंप कुठला?"

मी सेल्विनच्या हातातून फोन घेतला. "बेव्हन, शेपटाच्या पिशवीत पंप असतो. पिशवी तुझ्या खांद्यावर आहे."

फोनमधून पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला.

"मला वाटलं, ती दुसऱ्यांसाठी असते," बेव्हन म्हणाला.

आम्ही वाट बघत राहिलो. सोडून जायचा प्रश्न नव्हता. आमचा गट कुणाला सोडून जात नाही. पाय गार पडायला लागले. ट्रेव्हर जागच्या जागी उड्या मारत होता. सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती म्हणायचा मान रेविनने घेतला.

"सेल्विन, आपण आत्ता जे करतोय ना, त्याला काय म्हणतात?"

"उभे आहोत," सेल्विन म्हणाला.

"कुणासाठी तरी उभे आहोत."

सेल्विनने नदीकडे बघितलं. नदीचा त्याला काही उपयोग झाला नाही.

शेवटी बेव्हन दिसला. पिवळं जाकीट तपकिरी झालं होतं. चष्म्याच्या जागी चिखलाच्या दोन वाट्या. तोंड लाल, धाप लागलेली. आणि आम्ही, काही ठरवून नव्हे, निव्वळ सवयीने, सगळे एका सुरात म्हणालो, "आला बघा. चला." ट्रेव्हरने तर पॅडलवर पायही ठेवला.

"अरे," बेव्हन कठडा धरून म्हणाला, "जरा दम तरी घेऊ द्या."

त्या पुलावर हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. ज्या एकीला उच्चारायचा हक्क होता, ती कधी बोलली नव्हती. सगळ्यांच्या नजरा नोलीनकडे गेल्या. ती सायकलवर बसलेली होती. निघाली असती तर कुणाची तक्रार नव्हती. आज ती पुढे होती आणि निघणं तिच्या हातात होतं. तिने बेव्हनकडे नीट पाहिलं. मग पाय खाली टेकवला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "माझं केळं संपायचंय."

केळं केव्हाच संपलं होतं. तिच्या हातात नुसती साल होती. ती तिने बेव्हनचा श्वास जागेवर येईपर्यंत तशीच धरून ठेवली.

नायरीच्या कॅफेत पावसाळी दिवशी खुर्च्यांवर आधी जुने पेपर घातले जातात. "बुडाखाली पेपर घेतल्याशिवाय कुणी टेकायचं नाही," नायरी दारातच म्हणाली. बेव्हनला पाहून तिने दोन पेपर आणि वर कचऱ्याची पिशवी अंथरली. "तुला नदीतून आणलाय का रे?"

चीजचे गरम स्कोन, म्हणजे छोटे खारे पाव आले, कॉफी आली, नोलीनचा चहा आला. रेविनने स्कोनला लोणी फासलं आणि सुरी खाली ठेवली. "तर मग सेल्विन. येत्या शुक्रवारी तळ्यावर कोण जातंय?"

"पंक्चरला थांबणं त्यात धरत नाहीत," बेव्हन म्हणाला.

"नियमात तसं नाही," सेल्विन अवघडून म्हणाला. "नियमात थांबण्याचं कारण नाही. नुसतं थांबणं आहे."

"उशी घेऊन जा, बेव्हन," रेविन म्हणाली. "शुक्रवारचे बाक कडक आहेत."

बेव्हन काही बोलणार, तेवढ्यात ट्रेव्हर खिडकीकडे बघून म्हणाला, "पाऊस थांबला."

खरंच थांबला होता. ढग फाटून नदीवर ऊनसुद्धा पडलं होतं. बेव्हनने कप खाली ठेवला. "म्हणजे परतीला तो मडगार्डाचा नियम नाही. आणि कसोटी जाऊन-येऊन आहे. अजून अर्धी बाकी आहे."

चहा ढवळणारा नोलीनचा चमचा थांबला. तिचे सगळे बुधवार त्या चमच्यावर येऊन थांबले, असं मला वाटलं. सुक्या दिवसात पुढे बेव्हन, मागे ती, पुलावर सगळे गारठून उभे, आणि मग शुक्रवार. तिने खिडकीबाहेर बघितलं आणि आकाशाची तिला पहिल्यांदाच थोडी चीड आली असावी.

सेल्विन उठून बाहेर गेला. आम्ही काचेतून बघत होतो. त्याने वर पाहिलं. मग खाली वाकला, एक बोट वाटेवर टेकवलं आणि ते बोट डोळ्यांजवळ नेऊन तपासलं. मग आत आला आणि बेव्हनच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. वाळायला लागलेला चिखल भेगाळला होता.

"नियमात 'पाऊस' हा शब्द नाही," सेल्विन म्हणाला. "'ओला दिवस' असा आहे. पाऊस वरून येतो, चिखल खालून उडतो. हा नियम खालच्या बाजूचा आहे. वाट ओली आहे, तोवर दिवस ओला."

चमचा पुन्हा ढवळायला लागला.

बेव्हन हरला की भांडत नाही; हा त्याचा गुण मी त्याच्या खात्यावर मांडून ठेवला आहे. तो उठला, नायरीच्या गल्ल्यापाशी गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्याकडे आइस्क्रीमच्या डब्याचं एखादं झाकण असेल का?"

"कुठलं हवंय?" नायरीने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"कुठलंही. मोठं."

तिने बॉयझनबेरीचं दिलं. जांभळं, वर टपोऱ्या फळांचं चित्र. बेव्हनने शेपटाच्या पिशवीतली मलमपट्टीची चिकटपट्टी काढली, या वेळी स्वतःसाठी, आणि ते झाकण त्या कार्बनच्या सायकलच्या सीटखाली बांधलं. सेल्विनने वाकून तपासलं. "अर्धा," तो म्हणाला. बेव्हनला बढती मिळाली. मी माझं जाकीट परत घेतलं. ते बराच काळ पूर्वीसारखं होणार नव्हतं. "शेपूट माझं काम आहे," मी म्हणालो, आणि मला ते बरं वाटलं, हे सांगून टाकतो. पुढे राहिलं की फक्त आइस्क्रीमचं नाव वाचायला मिळतं. मागून सगळं दिसतं.

परतीच्या वाटेवर सगळे नोलीनच्या मागे, नोलीनच्या वेगाने आलो. तिच्यासाठी कुणाला थांबावं लागलं नाही. पुकेटेला पोचल्यावर सेल्विनने तिच्याशी हात मिळवला, पास झालेल्यांशी मिळवायचा तसा. आयुष्यात त्याला याची फार सवय नसावी. हात जरा जास्तच वेळ धरला. बेव्हनच्या शुक्रवाराचं मात्र काही निघालं नाही. थांबण्याच्या नियमाची भाषा नीट करायला हवी, असं सेल्विन म्हणाला आणि तो नियम समितीकडे गेला. आमच्या समितीकडे भाषा नीट करायला गेलेलं काही आजवर परत आलेलं नाही.

पुढचा बुधवार लखलखीत उजाडला. वाट कोरडी, आकाशात ढगाचं नाव नाही. निरोपाची मी वाट बघत होतो. निरोप आला नाही. नोलीन आली.

निघालो. पहिल्या वळणालाच पुढचे दिसेनासे झाले. नोलीन तिच्या वेगाने, मी तिच्या मागे, तिची पाठ माझ्यासमोर. वाटेत तिने आम्हा सगळ्यांच्या सायकलींबद्दलची मतं सांगितली. पुलाजवळ आलो तेव्हा ते सगळे वर उभे होते. केळी खाऊन झालेली, साली गुंडाळलेल्या.

"आली बघा," रेविन म्हणाली. "चला."

सेल्विनने हेल्मेटचा पट्टा लावला. जोडसायकल निघायला वळली. बेव्हन मात्र कठड्याला टेकून खालीच बसलेला होता. तो उठला नाही.

"एक मिनिट हं," तो म्हणाला. "बुटात खडा गेलाय."

त्याने बुटाचे बंद सोडले. एकेक करून, सावकाश. बूट काढला, उलटा धरला, झटकला. मग पुन्हा झटकला. मोजाही काढला, तो उलटा करून बघितला, परत घातला. एवढ्यात नोलीन उतरली, पाणी प्यायली, कमानीकडे एकदा बघून घेतलं आणि केळं सोललं. तिचं केळं संपलं तेव्हाच बेव्हनच्या शेवटच्या बंदाची गाठ पडली.

बुटातून काहीही पडलं नव्हतं. मी जवळच उभा होतो, नीट बघत होतो. खडा होता तो, नोलीनच्या दाढेइतका खरा.